दोन बैल बसतील अशी होडी

पंपाच्या दुकानात दोन गोष्टी कधी विकत आणाव्या लागत नाहीत. एक धूळ आणि दुसरे किस्से! धूळ निदान सकाळी झटकता तरी येते. किस्से मात्र साठतच जातात. गिऱ्हाईक येतं व्हॉल्व्ह घ्यायला, बसतं चहाला आणि जाताना व्हॉल्व्ह विसरून किस्सा ठेवून जातं.

माझं दुकान नगरला, माळीवाड्याच्या स्टँडजवळ. ऑइल इंजिनं आणि पंप, शिवाय त्यांचे सुटे भाग. बहात्तरच्या आगेमागे दोन-तीन वर्षं तिथं जे किस्से साठले ते सगळे होडीचे. हो, होडीचेच! विहिरी आटलेल्या, बायाबापड्या दुष्काळी कामावर खडी फोडतायत, रेशनला मिलो ज्वारी मिळतेय, आणि आम्ही चौघे मुंबईला होड्यांचं प्रदर्शन बघायला निघालोय. शेजारचा कापडवाला मला म्हणाला, "शेठ, नळाला पाणी येत नाही म्हणून थेट समुद्रच आणताय का?" त्याला काय सांगणार? त्याचं अगदीच चुकीचं नव्हतं.

चौघे कोण ते आधी सांगतो. पहिले डॉक्टर. दातांचे. सावेडीला तेव्हा मोकळी शेतं होती, त्यात त्यांनी नवा बंगला बांधला होता. दुसरे राहात्याचे भाऊ, ऊस आणि पेरूचे बागायतदार. त्यांच्या व्याह्यांनी जीप घेतली तेव्हापासून भाऊंना नीट झोप लागत नव्हती. "जीप काय, कुनीबी घेतं," असं ते दिवसातून चारदा म्हणायचे. तिसरे शेवगावकडचे अण्णा. अण्णांचं पुढं सांगतो. आणि चौथा मी. माझं काम एवढंच की होडीच्या इंजिनाला हात लावायचा आणि गंभीर चेहरा करायचा.

*

होडी खरी हवी होती ती एकट्या अण्णांना. बाकी आम्ही सगळे हौशी.

अण्णांचं गाव गोदावरीच्या काठाला. खाली पैठणचं धरण बांधायचं चाललं होतं. पाणी अडलं की गाव बुडणार, हे ठरलेलं. सरकारी माणसं येऊन पाणी कुठपर्यंत चढणार तिथं चुना फासलेले दगड रोवून गेली होती. घर जाणार, काळी जमीन जाणार. अण्णांचा माळ मात्र उंचावर. त्यावर वीसेक आंबे आणि बाजरीचा एक पट्टा. तो तेवढा पाण्यावर राहणार, चारी बाजूंनी पाणी आणि मधे अण्णांचा माळ!

अण्णा मोजणीच्या साहेबांकडं गेले. साहेबांनी नकाशा बघितला आणि आनंदानं सांगितलं, "तुमचं हे क्षेत्र बुडत नाही. त्यामुळं याची भरपाई नाही."

"बुडत न्हाई ते चांगलंच हाय साहेब. पन मी तिथं जायाचं कसं?"

साहेबांनी नकाशाची गुंडाळी केली. "हे बघा, आमचं खातं फक्त बुडणाऱ्या जमिनीचं आहे!"

अण्णा तिथून निघाले ते सरळ माझ्या दुकानात आले. पाणी प्याले आणि म्हणाले, "शेठ, तुमच्याकडं होडी असती का?"

मी हसलो. नंतर त्यांचा चेहरा बघितला आणि चहा मागवला. आंबे त्यांच्या वडलांनी लावलेले होते. एक कलम बहरात आलं की त्याखाली बसूनच जेवायचं, अशी त्यांच्या घरची रीत. तो माळ गेला असता तर अण्णा शेतकरी राहिलेच नसते, नव्या गावठाणात रिकामे बसून राहिले असते. हे त्यांनीच मला सांगितलं, चहा बशीत ओतता ओतता.

*

डॉक्टरांकडं एक इंग्रजी मासिक होतं. लष्करातला एक साहेब दात काढायला आला होता, तो दाढ घेऊन गेला आणि मासिक विसरून गेला. त्यात एक लेख होता: प्रदर्शनात जाऊन होडी कशी बघावी. डॉक्टरांनी तो इतक्यांदा वाचला होता की पेशंटच्या तोंडात आरसा घालूनही तेच बोलायचे.

लेखातला एक नियम होता, होडीवर पायातलं काढून चढावं. परदेशात म्हणे लोकांना हे बजावून सांगावं लागतं. आम्हाला कशाला सांगावं लागतंय!

मुंबईला समुद्रकाठच्या मैदानावर मांडव घालून होड्या मांडल्या होत्या. सगळ्या कोरड्यावर, लाकडी घोड्यांवर उभ्या केलेल्या. शिडीशी चपलांचा ढीग. मुंबईचे लोक मोजे लपवत, लाजत चढत होते. आमचे अण्णा निवांत चपला काढून शिडीशी आले, वाकले, होडीच्या कडेला कपाळ टेकवलं आणि मग पाय वर ठेवला. लक्ष्मी आहे, असा आपला सरळ हिशेब.

त्यांच्या मागं काळा चष्मा लावलेली एक बाई होती. तिला वाटलं, इथला नियमच असेल. तिनं चष्मा काढला, वाकली, कपाळ टेकवलं! तिच्या मागं तिचा नवरा. त्याच्या मागं एक पारशी गृहस्थ. बघता बघता सगळी रांग होडीच्या पाया पडायला लागली.

होडी विकणारा माणूस होता परेरा म्हणून. वसईचा, तरुण, मराठी उत्तम. तो आ वासून बघत राहिला. एवढ्यात त्याचा मॅनेजर धावत आला. आम्हाला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. मॅनेजर परेराच्या कानाशी लागून काहीतरी बोलला आणि गेला.

दुसऱ्या वर्षी आम्ही गेलो तर शिडीशेजारी कंपनीनं हळदकुंकवाचं ताट ठेवलं होतं!

*

लेखातला दुसरा नियम: होडीत नुसतं उभं राहून बघू नये. बसून बघावं, आडवं होऊन बघावं. रात्र तिथं काढायची आहे असं समजून वागावं.

एका मोठ्या होडीत खाली केबिन होती. गुळगुळीत लाकूड, मऊ गादी, डोक्याशी छोटा दिवा. भाऊ म्हणाले, "डाक्टर, मी बघतो आडवा हून." आम्ही इंजिन बघायला गेलो. राहात्याहून रातोरात एसटीनं आलेला माणूस, त्यात ती गादी! परत आलो तर भाऊ असे घोरत होते की वरची काच थरथरत होती.

डॉक्टर उठवायला निघाले. परेरानं हात धरला. "नको साहेब, राहू द्या."

दुपारभर लोक केबिनमधे डोकावून जात होते. पटका उशाशी ठेवून, धोतर सावरून झोपलेला माणूस. परेरा हळू आवाजात सांगत होता, "बघा, किती कम्फर्टेबल आहे ते. हे गृहस्थ घेण्याआधी ट्रायल घेतायत." लोक माना डोलवत होते. एका बाईनं तर नवऱ्याला खूण केली की गप्प, त्यांची झोप मोडेल.

संध्याकाळी भाऊ उठले. डोळे चोळत, शरमून बाहेर आले. म्हणाले, "माफ करा, जरा डुलकी लागली."

परेरानं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "काका, उद्या किती वाजता येताय?"

*

याच परेराची आणि अण्णांची गाठ त्याच दिवशी पडली.

अण्णा एकेक होडी बघत चालले होते. खिशातून सुताची एक दोरी काढायचे, होडीच्या तळाशी लांब सोडायचे, आडवी धरायचे आणि मान हलवून पुढं जायचे. परेराला वाटलं, हा पक्का गिऱ्हाईक दिसतो, माप घेतोय. तो पुढं झाला.

"काका, किती सीटर पाहिजे?"

अण्णांनी विचार केला. "मी, माझा गडी आन् दोन बैल."

परेरा हसला. मग त्याच्या लक्षात आलं की समोरचा हसत नाहीय. अण्णांनी दोरीची गाठ दाखवली. "ही गाठ म्हंजी थोरला. शिंगापासनं शेपटापत्तर. आन् ही धाकटा. दोघं एकामेकाला सोडून उभी ऱ्हात न्हाईत, म्हून शेजारीशेजारीच पायजेत."

परेरानं आपलं शिकलेलं भाषण सुरू केलं. फायबरची बॉडी, गंजत नाही, आतून पांढरंशुभ्र फिनिश.

"धाकट्याला भ्या वाटलं म्हंजी तो शेन टाकतो. धुवायला सोपं हाय का?"

त्या होडीत शँपेनचे ग्लास ठेवायचे कोनाडे होते, परेरा त्यांच्याकडं बघत राहिला. मग शाळेतल्या पोरासारखा अण्णांना म्हणाला, "काका, पण बैलांना होडीत कशाला न्यायचं?"

"पोहायला यायचं न्हाई त्यास्नी एवढं लांब," अण्णा म्हणाले. "आन् नांगर मी वढू का?"

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अण्णांना समजावा हो. ही सहलीची होडी आहे, आपली शोभा होते." मला डॉक्टरांचा राग आला. शोभा कसली? त्या सबंध मांडवात होडीचं काम असलेला माणूस एकच होता, आणि त्यालाच कुणी होडी दाखवायला तयार नव्हतं!

*

लेखातला तिसरा नियम वाचून भाऊंनी दुसऱ्या वर्षी वहिनींना बरोबर आणलं. नियम असा की बायकोला विचारल्याशिवाय होडी घेऊ नये, नाहीतर पुढं ती कधी होडीत बसत नाही. भाऊ तोवर पक्के झाले होते. मुळा धरणावर त्यांची होडी, होडीत व्याही बसलेत आणि सुकाणू भाऊंच्या हातात, एवढं चित्र तयार होतं. फक्त वहिनींनी हो म्हणायचं बाकी.

वहिनी शिडी चढल्या, हळदकुंकू वाहिलं, इकडं तिकडं बघितलंही नाही. सरळ खाली स्वयंपाकघरात! एक हात लांबीची जागा, पण काय बसवलं होतं! दोन बर्नरची गॅसची शेगडी, होडी डोलली तरी भांडं पडू नये म्हणून तिला कडा. शेजारी बेसिन. भिंतीत फडताळं, फडताळांना खटके. एक फळी ओढली की ओटा, ढकलली की गायब.

वहिनींनी प्रत्येक खटका उघडून बघितला आणि लावून बघितला. परेराला विचारलं, "ह्ये पेटतं का निस्तं दाखवायचंय?" परेरानं पेटवून दाखवलं. मग वहिनींनी कमरेची पिशवी सोडली, चहा-साखर काढली, परेराला दूध आणायला पिटाळलं आणि कंपनीच्या सगळ्या माणसांना चहा केला. मॅनेजरनं दोनदा घेतला. राहात्याला तेव्हा त्यांच्या घरी चूल होती, धुरानं त्यांचे डोळे कायम लाल असायचे, हे आम्ही बघितलेलं होतं. चहा गाळताना त्या इतक्या खूष होत्या की भाऊंनी मला डोळा मारला. काम झालं!

वहिनी वर आल्या. पदरानं हात पुसत परेराला म्हणाल्या, "पसंत हाय. तेवढं काढून द्या."

"काय काढून देऊ?"

"सैपाकघर! होडी ऱ्हाऊ द्या तुमाला."

परेरा भाऊंकडं बघतोय, भाऊ आकाशाकडं बघतायत. वहिनी ठाम. शेवटी भाऊ होडीशिवायच राहात्याला परतले आणि दिवाळीला त्यांच्या घरी गॅस आला. व्याह्यांकडं अजून नव्हता. भाऊंना नीट झोप लागायला लागली.

*

तरी भाऊंचा भाव करायचा कंड काही गेला नाही. आपल्याला नाही तर नाही, अण्णांना तरी घेऊन देऊ, म्हणून राहात्याला परतायच्या आधीच त्यांनी परेराला गाठलं. भाऊंना सवय घोडेगावच्या बैलबाजाराची. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात उपरण्याखाली, आणि बोटं दाबून बोली. चारचौघांना कळत नाही आणि कुणाची इभ्रत जात नाही.

लेखात लिहिलंच होतं की भाव शेवटच्या दिवशी संध्याकाळी करावा. भाऊंनी ती वेळ साधली. उपरणं परेराच्या हातावर टाकलं, आत हात घातला आणि दोन बोटं दाबली.

परेरा दचकला. पण वसईचा सभ्य मुलगा, हात काढून घेतला नाही. भाऊंनी तिसरं बोट दाबलं. परेरा ओशाळं हसला. भाऊंनी सगळा पंजा दाबला आणि भुवई वर केली. परेरानंही भुवई वर केली. भाऊ मनात म्हणाले, गडी मुरलेला आहे, उतरत नाही! ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

बराच वेळ असं चाललं. शेवटी परेरा हळूच डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, काकांना घाम आलाय. हात सोडत नाहीत. यांना काही होतंय का?" आणि दुसऱ्या हातानं त्यानं खुर्ची ओढून भाऊंना बसवलं आणि ग्लुकोज मागवलं!

भाऊंनी ग्लुकोज पिऊन टाकलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "भाव न्हाई कळला त्याला. पन मानूस चांगला. शेवटपत्तर हात न्हाई काढला."

*

डॉक्टरांनी मात्र होडी बुक केली. शिडाची, छोटी, दोघांपुरती. स्कूटरसाठी त्यांचा नंबर कधीचा लावलेला होता, तो अजून आला नव्हता. होडीची रांग त्याहून लांब! कंपनीनं कळवलं की होडीला वेळ लागेल, शीड मात्र तयार आहे, पाठवू का? डॉक्टर म्हणाले, पाठवा. होडी येईपर्यंत सराव होईल.

शीड आलं. सावेडीच्या बंगल्याच्या गच्चीवर डॉक्टरांनी बांबू रोवला आणि शीड चढवलं. सावेडीला वारा काय कमी! आडोसाच नव्हता कुठं. शीड असं फुगलं की मनमाड रस्त्यावरून दिसायला लागलं. डॉक्टर दोऱ्या धरून इकडून तिकडं, मासिक उघडून कठड्यावर ठेवलेलं, पानांवर दगड.

तेवढ्यात खाली फाटक वाजलं. डोक्याला जरीची टोपी घातलेला एक माणूस वर मान करून उभा.

"मांडव छान पडलाय साहेब," तो म्हणाला. "बँड ठरला का?"

*

कुठलीही घेतली तरी अण्णांच्या होडीला इंजिन लागणार होतं आणि ते परदेशी. त्याला परवाना. परवान्यासाठी आम्ही मुंबईच्या एका कचेरीत गेलो. अण्णा, डॉक्टर आणि मी. टेबलामागचे साहेब वयस्कर, शांत. त्यांनी अण्णांना नाव-गाव विचारलं. मग पेन खाली ठेवलं.

"अहमदनगर जिल्हा. तिथं तर दुष्काळ पडलाय."

"व्हय."

"तिथं समुद्र कुठं आहे?"

डॉक्टर धरणाची माहिती इंग्रजीतून सांगायला तोंड उघडत होते. त्याआधी अण्णा म्हणाले, "काम चालू हाय साहेब. दोन-तीन वर्षांत येतोय."

साहेबांनी आमच्याकडं बघितलं. आम्ही दोघांनी माना हलवल्या. खरंच होतं ना ते! साहेबांनी बराच वेळ पंख्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मग आला की या!"

बाहेर आल्यावर डॉक्टर पोट धरून हसत होते. अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "पानी आल्यावर येऊन काय उपेग? तवर तर माळ तिकडं आन् मी हिकडं अडकलेला असनार."

*

शेवटी मार्ग काढला तो परेरानं. एक दिवस तो आपणहून दुकानात आला. पुण्याला कामाला आला होता, तिथून वाकडी वाट करून. म्हणाला, "त्या बैलवाल्या काकांसाठी एक होडी आहे. प्रदर्शनात मांडत नाही आम्ही तिला, दिसायला चांगली नाही. आमच्याकडं खाडीत म्हशी नेतात तशी. सपाट बूड, एक बाजू खाली पडते, जनावर चालत चढतं. इंजिनही इथलंच, परवाना नको."

मी अण्णांना निरोप धाडला. अण्णांचा उलट निरोप आला: बैल घ्यायचा तर आपण तो आपल्या रानात जुंपून बघतो. होडी माझ्या गावात चालवून दाखवा, मग बोलू.

डॉक्टर म्हणाले, लेखातही शेवटचा नियम हाच आहे, ट्रायलशिवाय पैसे देऊ नयेत. परेरा म्हणाला, अहो पण पाणी? त्याला कोण ऐकतंय!

तर परेरा ट्रकवर होडी घालून शेवगावला आला. पुढं ट्रक जाईना. अण्णांनी दोन बैलगाड्या एकीला एक बांधल्या, वर होडी ठेवली आणि चार बैल जुंपले. त्यातले पुढचे दोन ज्यांच्या मापाची होडी शोधायची ते. होडीत अण्णा, परेरा आणि मी. भाऊ आणि डॉक्टर गाडीबरोबर चालत. सगळं गाव बाहेर आलेलं. नव्या गावठाणापासून निघायचं, जुन्या गावातून खाली उतरायचं आणि पलीकडं माळावर चढायचं. पाणी आल्यावर अण्णा रोज जाणार ती ही वाट. गाडी हलली तशी पोरं ओरडली, बाया तोंडाला पदर लावून हसल्या. उघड्याबोडक्या रानात होडी चाललेली, हसू येणारच. मीही हसत होतो.

चुन्याचा दगड मागं पडला. अण्णा म्हणाले, "हितनं पानी लागलं."

मग ते उभे राहिले. एक हात कडेवर ठेवून परेराला वाट सांगायला लागले, एखादा तांडेल आपल्या खलाशांना सांगेल तशी. "ह्ये उजव्या अंगाला पाटलाचा मळा. डाव्या अंगाला हीर, लई खोल हाय." गाडी गल्लीत शिरली. "ही तालीम. ह्ये मारुतीचं देऊळ." आम्ही सगळ्यांनी वर कळसाकडं बघितलं. परेरानं हळूच विचारलं, "याच्या वर किती पाणी?" अण्णांनी हात डोक्यावर जेवढा जाईल तेवढा वर केला आणि मग तसाच खाली घेतला.

पुढं त्यांचं घर. धाब्यावर त्यांच्या मंडळी मिरच्या वाळत घालत होत्या. त्यांनी वरून होडीकडं बघितलं आणि विचारलं, "कुठं निघालाव?"

"माळावर," अण्णा वर मान करून म्हणाले.

"बेतानं जावा."

गल्लीतलं हसणं कधी थांबलं ते माझ्या लक्षात आलं नाही. पोरंसुद्धा गप्प चालत होती. गाडी माळावर चढली, आंब्याखाली थांबली. बैलांना सोडलं, होडीची बाजू खाली पाडली. थोरला आधी चढला, धाकटा त्याच्या मागं. शेजारीशेजारी उभे राहिले. माप बरोबर होतं.

भाऊंना राहवेना. बाजारात घेणारानं जनावराची काहीतरी खोड काढायची, मग भाव पाडायचा, ही रीत. त्यांनी अण्णांना कोपर मारलं. "अण्णा, कायतरी खोड काढा. त्याशिवाय सौदा व्हत न्हाई."

अण्णा होडीभोवती फिरले. तळाला हात लावला, कडा दाबून बघितल्या. मग खाली गावाकडं तोंड करून बराच वेळ उभे राहिले. धाब्यावरच्या मिरच्या इथूनही लाल दिसत होत्या.

"परेरासायब," ते म्हणाले, "पान्यावरनं जाताना खालचं दिसतं का हो?"

परेराचा चेहरा पडला. भाव पाडायला ही खोड काढली, असं त्याला वाटलं असावं. पण माणूस सरळ, खोटं बोलला नाही. म्हणाला, "नाही काका. नदीचं गढूळ पाणी, त्यात इतकं खोल. काही म्हणजे काही दिसायचं नाही."

"मग द्या," अण्णा म्हणाले.